चिठ्ठी नसलेलं गिऱ्हाईक आणि तपासणीचं पुस्तक: गरीब भागात मेडिकल चालवताना

प्रश्न असा आहे. डी.फार्म. म्हणजे फार्मसीची पदविका झालेल्या एका तरुणाला बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात, आठवडी बाजार भरतो पण डॉक्टर रोज सापडत नाही अशा गावात मेडिकल टाकायचं आहे. गिऱ्हाईक म्हणजे ऊसतोडीला जाणारी कुटुंबं, रोजंदारीवरचे लोक आणि आसपासचे तांडे. त्याने तीन गोष्टी विचारल्या आहेत: औषध निरीक्षक तपासणीत नेमकं काय बघतात, अशा ठिकाणी नियम पाळून दुकान चालतं का, आणि गोळ्या विकण्यापलीकडे लोकांसाठी काय करता येईल. जागा भाड्याची असली तर चालेल का, असंही शेवटी विचारलंय.

मी बीड जिल्ह्यात अशाच एका गावात बऱ्याच वर्षांपासून काउंटरमागे उभा आहे, म्हणून थोडं लांबणीचं उत्तर देतो.

१९४० चा औषधे व सौंदर्य प्रसाधने कायदा आणि त्याखालचे १९४५ चे नियम वाचायला घेतले तर किरकोळ दुकानाला लागू पडणारा भाग फार मोठा नाही. एका रविवारी वाचून होतो. अडचण नियमांची नाही. हा सगळा कायदा कागदावर चालतो: डॉक्टरची चिठ्ठी, खरेदीचं बिल, विक्रीचं बिल, रजिस्टर. आणि आपलं गिऱ्हाईक येतं ते रिकाम्या हाताने. चिठ्ठी पावसात भिजलेली असते, नाहीतर मुळातच नसते, कारण डॉक्टरने पुडी बांधून दिलेली असते. बिल दिलं तर दुकानाच्या पायरीवरच टाकून जातात. नाव विचारलं तर ‘लिहा की काहीबी’. शहरातल्या दुकानदाराला कागद गिऱ्हाईक आणून देतं. इथे तो आपल्याला तयार करावा लागतो. हे काम ज्याला जमतं त्याचं दुकान तपासणीतही टिकतं आणि गावातही.

तपासणीत पहिली नजर जाते ती फार्मासिस्टवर. परवाना फॉर्म २० आणि २१ मध्ये मिळतो. २१ हा लस, इन्सुलिन अशा अनुसूची सी आणि सी-१ च्या औषधांसाठी, आणि २० बाकीच्यांसाठी. दोन्हींची मूळ अट एकच: चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली दिलं गेलं पाहिजे. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांप्रमाणे अंगावर पांढरा ॲप्रन आणि नाव व नोंदणी क्रमांकाचा बिल्ला हवा. परवाने लोकांना दिसतील असे भिंतीवर हवेत. आपल्याकडे फार्मासिस्टने सर्टिफिकेट भाड्याने द्यायचं आणि दुकानात दुसऱ्यानेच बसायचं ही पद्धत किती जुनी आहे हे तुम्हाला कॉलेजातच कळलं असेल. तुम्ही स्वतः फार्मासिस्ट आहात आणि स्वतःच उभे राहणार आहात, म्हणजे अर्धी लढाई जिंकलेलीच आहे. फक्त एक सांगतो. जेवायला, अंत्यविधीला किंवा तालुक्याला माल आणायला गेलात तर शटर खाली ओढा. भाऊ नाहीतर पुतण्याला ‘जरा बस’ म्हणून जाऊ नका. निरीक्षक नेमके तेव्हाच येतात असं आमच्याकडे म्हणतात. खरं कारण एवढंच की दुकानदार नसण्याची वेळ आपल्याला वाटते त्यापेक्षा बरीच जास्त असते.

दुसरी गोष्ट खरेदीची बिलं. इथे मी थोडा थांबणार आहे, कारण नवीन पोरं हा भाग हलक्यात घेतात. निरीक्षक फळीवरचं कुठलंही एक पाकीट उचलतात आणि म्हणतात, ह्या बॅचचं बिल दाखवा. बिल आहे, त्यावर बॅच नंबर जुळतो, विकणाऱ्या होलसेलरचा परवाना क्रमांक आहे, मग विषय संपला. नसेल तर कायद्याचं कलम १८-अ उभं राहतं: हे औषध कुणाकडून घेतलं ते सांगणं तुम्हाला बंधनकारक आहे. बाजारात बिनबिलाचा माल घेऊन कुणीतरी हमखास येतो, दोन टक्के जास्त सूट देतो. डिसेंबर २०२४ मध्ये अंबाजोगाईच्या शासकीय रुग्णालयाला पुरवलेल्या प्रतिजैविकाच्या गोळ्या बनावट निघाल्याची बातमी सगळ्यांनी वाचली. जिथे टेंडर निघतं तिथे हे घडू शकतं, तर मोटारसायकलवर पिशवी लटकावून येणाऱ्याच्या मालाची खात्री कोण देणार?

आता कलम १९, पोटकलम ३ बघा. तुमच्या दुकानातून नमुना घेतला, तो प्रयोगशाळेत नापास झाला, तर दुकानदाराला बचाव आहे. पण तीन अटी आहेत. माल परवानाधारकाकडून घेतलेला असला पाहिजे. वाजवी काळजी घेऊनही दोष कळण्यासारखा नव्हता हे दिसलं पाहिजे. आणि तुमच्या ताब्यात असताना तो नीट साठवलेला व जसा आला तशाच अवस्थेत असला पाहिजे. शेवटची अट मराठवाड्यात सगळ्यात नाजूक. एप्रिल-मे महिन्यात पत्र्याच्या गाळ्यात दुपारी काय होतं ते सांगायला नको. परभणी-नांदेडकडे पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसवर जातो, आणि बहुतेक गोळ्यांच्या पाकिटावर तीस अंशांच्या खाली ठेवा असं छापलेलं असतं. म्हणून पत्र्याखाली आधी छत घालून घ्या, पश्चिमेच्या भिंतीला औषधाची फळी लावू नका, आणि एक साधा थर्मामीटर दुकानात व एक फ्रिजमध्ये ठेवा. सकाळ-संध्याकाळ आकडा वहीत लिहा. तपासणीत ही वही मागतील किंवा न मागतील, पण नमुना नापास झाला त्या दिवशी तुमच्याकडून बोलणारी तीच एक गोष्ट असते. फ्रिज दोन ते आठ अंश. इन्सुलिन बर्फाच्या कप्प्याला चिकटवून ठेवायचं नाही, गोठलं की ते बाद. लोडशेडिंगसाठी इन्व्हर्टर घ्या, आणि फ्रिजमध्ये पाण्याची बाटली, दूध, सरबत काहीच ठेवू नका. ते ठेवलेलं निरीक्षकांना लगेच दिसतं, आणि ठेवलं की दार दिवसभर उघडझाप होतं.

मुदत संपलेला माल वेगळ्या खोक्यात, वर ‘विक्रीसाठी नाही’ असं ठळक लिहून. डॉक्टरांना मिळणारी सॅम्पलची पाकिटं दुकानात एकसुद्धा दिसता कामा नये. जनावरांची औषधं ठेवणार असाल तर कपाट वेगळं. बैल सुजला म्हणून माणसाचं डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन मागायला शेतकरी येतात. जनावरांसाठी ते २००८ पासून बंद आहे, आणि हा गैरवापर थांबावा म्हणूनच २०१५ पासून माणसाचं इंजेक्शन तीन मिलिच्या एका डोसाच्या पॅकमध्येच येतं. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅकही जनावरांसाठी बंद झाले. हे औषध दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की गिधाडं मरतात, ही गोष्ट शेतकऱ्याला सांगून फार उपयोग होत नाही, पशुवैद्यकीय दवाखान्याचा रस्ता दाखवा.

एच-१ चं रजिस्टर हा तपासणीचा गाभा. एच-१ म्हणजे फक्त चिठ्ठीवर आणि रजिस्टरमध्ये नोंद करूनच द्यायच्या औषधांची यादी, ती मार्च २०१४ पासून लागू आहे. त्यात तिसऱ्या-चौथ्या पिढीची सेफॅलोस्पोरिन प्रतिजैविकं, क्षयाची औषधं, अल्प्राझोलाम, नायट्राझेपाम, ट्रॅमाडॉल अशी मंडळी आहेत. प्रत्येक विक्रीची वेगळी नोंद लागते: डॉक्टरचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध, किती दिलं. रजिस्टर तीन वर्षं जपायचं. विक्रीच्या बाकीच्या नोंदी दोन वर्षं. निरीक्षक रजिस्टरची बेरीज, खरेदीची बिलं आणि फळीवरचा शिल्लक माल असा हिशेब लावतात. हा हिशेब तुम्ही स्वतः महिन्यातून एकदा लावत गेलात तर कधीच घाम फुटणार नाही. छत्रपती संभाजीनगरात ‘बटन’ म्हणून ज्या नशेच्या गोळ्यांचा धुमाकूळ आहे त्या ह्याच यादीतल्या. तुमच्या गावातही कुणीतरी पोरगं येईल, आजीला झोप येत नाही म्हणेल. आजीला घेऊन ये म्हणावं.

आता चिठ्ठीचं. खेड्यात चिठ्ठी म्हणजे बहुतेक वेळा गोळ्यांचा रिकामा पत्ता (स्ट्रिप). म्हातारी कनवटीतून चुरगळलेला पत्ता काढते आणि म्हणते, ‘हीच दे बाबा, हिनं गुण येतो.’ कायद्याने पत्ता म्हणजे चिठ्ठी नव्हे. चिठ्ठी लेखी हवी, डॉक्टरची सही व तारीख हवी, रुग्णाचं नाव-पत्ता, औषध किती आणि कसं घ्यायचं हे हवं. मात्र बीपीची गोळी अचानक तुटली तर म्हातारीला अर्धांगवायू होऊ शकतो, हेही तितकंच खरं. मी ह्यातून काढलेला रस्ता असा. दीर्घ आजाराच्या प्रत्येक रुग्णाला दुकानातर्फे एक शंभरपानी वही द्या. पहिल्या पानावर नाव, गाव, आजार, डॉक्टर, औषधाचं मूळ नाव आणि ताकद. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या किंवा तालुक्याच्या डॉक्टरांना भेटून विनंती करा की चिठ्ठी ह्याच वहीत लिहा, आणि ‘दर महिन्याला, इतक्या वेळा’ असं स्पष्ट टाका. नियमाप्रमाणे चिठ्ठी एकदाच वापरता येते. पण डॉक्टरने पुन्हा देण्याची मुभा लिहिली असेल तर तितक्या वेळा, त्या अंतराने देता येते. हे एक वाक्य डॉक्टरकडून लिहून घेतलं की तुमचा, रुग्णाचा आणि निरीक्षकाचा तिघांचाही प्रश्न सुटतो. प्रत्येक वेळी दुकानाचा शिक्का आणि तारीख वहीत मारा. तसं करणं नियमातच आहे.

आमच्या भागात ह्या वहीचं खरं काम दसऱ्यानंतर सुरू होतं. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली जोडपी कारखान्याला निघतात ती पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, परत येत नाहीत, म्हणजे पाच-सहा महिने. पूर्वी निघताना लोक ‘सहा महिन्याच्या गोळ्या बांधून द्या’ म्हणायचे. पैसे उचलीतले, त्यामुळे मागतात खरं, पण तीन महिन्यांच्या घेतात आणि कोपीत, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, पावसाने, उन्हाने निम्म्या खराब होतात. वहीत पुन्हा देण्याची मुभा लिहिलेली असली तर सांगली-कोल्हापूरकडे किंवा कर्नाटकात कारखान्याजवळच्या मेडिकलमध्ये तीच वही चालते, आणि महिन्याच्या महिन्याला थोडे पैसे जातात. औषधाचं मूळ नाव लिहिलेलं असल्यामुळे ब्रँड नाही म्हणून कुणी परत पाठवत नाही. इन्सुलिनवाल्याला निघायच्या आधी बसवून सांगा: वापरात असलेली बाटली साधारण चार आठवडे थंड जागेत राहते. कोपीत फ्रिज कुठला, तर एका मडक्यात ओली वाळू घालून त्यात लहान मडकं बसवायचं, बाटली प्लास्टिकच्या पिशवीत बांधून आत ठेवायची आणि मडकं सावलीत ठेवायचं. ट्रॅक्टरच्या टपावर बाटली ठेवायची नाही.

बायकांचं दुखणं वेगळं. ऊसतोडीच्या बाया अंगदुखीच्या आणि पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या मागतात, कारण खाडा झाला की मुकादम पैसे कापतो. बीड जिल्ह्यात ह्या बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळापर्यंत गेला. अंगावर पांढरं जातं, कंबर दुखते म्हणून सुरुवात होते, आणि ती अनेकदा मेडिकलच्या काउंटरवरच होते. गर्दी नसताना, शक्य असेल तर घरच्या बाईमाणसाला शेजारी उभं करून, आशाताईकडे किंवा उपजिल्हा रुग्णालयात पाठवा. नुसती वेदनाशामकं देत राहू नका. गर्भपाताच्या गोळ्यांचं किट काउंटरवरून द्यायचं नाही. ते डॉक्टरच्या देखरेखीचंच काम आहे. पण संबंधानंतर बहात्तर तासांच्या आत घ्यायची लेव्होनॉर्जेस्ट्रेलची गर्भनिरोधक गोळी बिनचिठ्ठीची आहे, ती ठेवा, आणि मागणाऱ्या पोरीकडे मान वर करून बघू नका.

स्वस्ताचा प्रश्न रोज येईल. ‘भाऊ, ह्यातली हलकी नाही का?’ डॉक्टरने अनुसूची एच (चिठ्ठीवरच द्यायच्या औषधांची यादी) किंवा एच-१ चं एखादं ब्रँड लिहिलं असेल तर त्याच घटकाचं दुसरं, स्वस्त पाकीटसुद्धा आपल्या मनाने देता येत नाही. नियम ६५ तसं स्पष्ट म्हणतो. मला हा नियम गरिबांच्या बाजूचा वाटत नाही, पण आहे तो आहे. त्यामुळे डॉक्टरला फोन करा, आणि वहीत त्यांच्याच हाताने मूळ नाव लिहून घेण्याची सवय लावा. एकदा घटकाच्या नावाने चिठ्ठी आली की तुम्ही जनऔषधीच्या (सरकारी योजनेतल्या स्वस्त औषध दुकानांच्या) जवळपासच्या किमतीचं जेनेरिक देऊ शकता. बीपी-शुगरच्या नेहमीच्या गोळ्या तर आरोग्य केंद्रात मोफत असतात. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचारही मोफत आहेत. हे मेडिकलवाल्याने सांगितलं तर त्याचा धंदा बुडतो असं वाटेल. उलट होतं. ज्याने फुकटचा रस्ता दाखवला त्याच्याकडेच लोक खोकल्याची बाटली आणि पोराची डायपर घ्यायला येतात.

दोन गोळ्या, तीन गोळ्या अशी सुटी विक्री ह्या भागात टळत नाही आणि ती बेकायदाही नाही. २०१३ चा औषध किंमत आदेश म्हणतो की सुट्या गोळीची किंमत पूर्ण पत्त्याच्या प्रमाणातच हवी, वर एक पैसा नाही, आणि कारण नसताना औषध विकायला नकार देता येत नाही. कापताना बॅच आणि मुदत छापलेलं टोक शेवटपर्यंत दुकानात राहील असं कापा. गोळ्या कागदी पाकिटात घाला, वर नाव, बॅच, मुदत लिहा. वाचता न येणाऱ्याला सकाळ-रात्रीच्या गोळीसाठी सूर्य आणि चंद्र काढून द्या. बिल मात्र बारा रुपयांचंही करा. गिऱ्हाइकाने नेलं नाही तर ते त्याचं, तुमची प्रत तुमच्याकडे. उधारीची वही असतेच, नसली तर दुकानच चालणार नाही. पण उधारी वेगळ्या वहीत, आणि औषधाचं बिल त्या दिवसाच्या तारखेनेच. पैसे आले त्या दिवशी बिल फाडायचं नाही, नाहीतर रजिस्टर आणि माल कधीच जुळणार नाही.

लहान लेकरांच्या बाबतीत जास्त कडक राहा. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशात छिंदवाड्याकडे कोल्ड्रिफ नावाच्या खोकल्याच्या औषधाने लेकरं दगावली. एसआर-१३ बॅचमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन निघालं. ऑक्टोबरमध्ये महाराष्ट्रातही ती बॅच शोधायचे आदेश निघाले, आणि बॅचवार बिलं नीट लावलेल्या दुकानदाराला उत्तर द्यायला काही मिनिटंच लागली. चार वर्षांखालच्या लेकराला सर्दीचं क्लोरफेनिरामिन-फिनाइलएफ्रिनचं मिश्रण द्यायचं नाही, बारा वर्षांखाली ताप-दुखण्याचं निमेसुलाइड नाही. जुलाबाला ओआरएसची एक लिटरची पुडी आणि झिंकच्या गोळ्या चौदा दिवस. फळांच्या रसासारखे गोड डबे ओआरएस म्हणून देऊ नका. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२५ मध्ये ते नावच त्यांच्यावरून काढायला लावलं आहे. पुडी किती पाण्यात टाकायची हे आईला घरातल्या तांब्याच्या मापाने दाखवा. तिच्या घरी लिटरचं माप नसतं.

दोन आठवड्यांपेक्षा जुना खोकला घेऊन चौथ्यांदा बाटली मागायला आलेल्या माणसाला पाचवी देऊ नका, थुंकी तपासायला पाठवा. क्षयाची औषधं विकणाऱ्या दुकानदाराने रुग्णाची माहिती सरकारला कळवणं २०१८ पासून बंधनकारक आहे. औषध सरकारी केंद्रात मोफत आहे, आणि निक्षय पोषण योजनेतून महिन्याला हजार रुपये खात्यात येतात. नोव्हेंबर २०२४ पूर्वी ते पाचशे होते. पाठवलेला माणूस पोचला का, हे आशाताईला नंतर विचारा, नाहीतर तो बस स्टँडवरूनच परत येतो.

इंजेक्शन टोचून द्या, सलाईन लावा, असा आग्रह होईल. करायचं नाही, शेजाऱ्याच्या घरीही नाही.

प्रत्यक्ष तपासणीच्या दिवशी घाबरून चहा-पाण्याची धावपळ करू नका. फॉर्म ३५ चं तपासणी पुस्तक ठेवणं तुमची जबाबदारी आहे, ते काढून पुढे ठेवा. निरीक्षक शेरा त्यात लिहितात. सही करण्यापूर्वी पूर्ण वाचा, चुकीचं वाटलं तर तिथेच नम्रपणे सांगा. नमुना घेतला तर फॉर्म १७ ची, म्हणजे नमुना घेतल्याच्या लेखी सूचनेची, प्रत मागून घ्या. नमुन्याची वाजवी किंमत तुम्हाला देऊ करणं आणि नमुन्याचा सीलबंद भाग तुमच्याकडे ठेवणं हे त्यांच्यावर कायद्याने बंधन आहे, तो भाग जपून ठेवा. कारणे दाखवा नोटीस आली तर मुदतीत, कागद जोडून उत्तर द्या. परवाना निलंबित झालाच तर तीन महिन्यांत राज्य शासनाकडे अपील करता येतं. कुणी मध्यस्थ ‘मी मिटवतो’ म्हणाला तर त्याला रजिस्टर दाखवायचीही गरज नाही.

जागा भाड्याची चालते. करार नोंदवलेला हवा, नकाशा हवा, आणि क्षेत्रफळ किमान दहा चौरस मीटर, म्हणजे साधारण एकशे आठ चौरस फूट, आतून मोजलेलं. गावातले बहुतेक गाळे बाहेरून मोजलेले असतात आणि आत नव्वदच भरतात, तेव्हा टेप घेऊन स्वतः मोजा आणि मगच अनामत द्या. परवान्याला पाच वर्षं पूर्ण व्हायच्या आत तो चालू ठेवण्याची फी भरायची असते. ती तारीख फ्रिजच्या वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवा.